फ्रॅक्चर नाही, मग बोट अजून का दुखतं?

जुलै 2025 मध्ये लॉर्ड्स कसोटीत यष्टिरक्षण करताना ऋषभ पंतच्या डाव्या तर्जनीला चेंडू लागला. पुढे त्या सामन्यात ग्लव्हज ध्रुव जुरेलने घातले, पंत फक्त फलंदाजीला आला. आमच्या कट्ट्यावर एकाने तोंड वाकडं केलं, "एका बोटाचं काय एवढं कौतुक? बर्फ लावायचा, पट्टी बांधायची आणि उभं राहायचं." मी काही बोललो नाही. माझ्या डाव्या अनामिकेला तेव्हा सहावा महिना लागला होता आणि चहाच्या कपाच्या कानात ती अजून शिरत नव्हती.

त्याच वर्षी 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मॅच होती. उंच उडालेला झेल माझ्या ओंजळीत न येता सरळ अनामिकेच्या टोकावर आला. बोट मागे वळलं आणि परत जागेवर आलं. मी हात झटकला आणि आणखी दोन षटकं खेळलो, हा पहिला शहाणपणा. संध्याकाळी बोटाचं गाजर झालं होतं. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात एक्स-रे काढला. "फ्रॅक्चर नाही. मुका मार आहे. आठ दिवस हलवू नका," असं सांगून अर्धवट वाकलेल्या स्थितीतच बोटाला पट्टी लावून दिली. आठ दिवसांचे तीन आठवडे मीच केले, कारण हलवलं की कळ यायची. पट्टी काढली तेव्हा बोट सरळही होईना आणि मिटेना.

'फ्रॅक्चर नाही' याचा अर्थ आपण 'काही झालं नाही' असा लावतो. प्रत्यक्षात त्या वाक्याने एक शक्यता बाद होते, एवढंच. एक्स-रेत हाडं दिसतात. बोटाच्या सांध्यातली बरीचशी मालमत्ता हाडाची नसतेच.

बोटात आहे तरी काय?

अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला तीन पेरं आणि तीन सांधे. मुळाशी एक, मधे एक, नखाजवळ एक. रेंगाळणाऱ्या दुखापतींचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक मधला सांधा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याला पीआयपी लिहितात, आपण मधला सांधाच म्हणू.

हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा. एकाच दिशेने उघडतो, मिटतो. निरोगी बोटात तो सरळ स्थितीपासून साधारण शंभर अंशांपर्यंत वाकतो. त्याला जागेवर ठेवायला दोन बाजूंना दोन चिवट पट्टे असतात. हाडाला हाडाशी बांधणाऱ्या अशा पट्ट्याला लिगामेंट म्हणतात. तळहाताच्या बाजूला एक जाड, कुर्चेसारखी पट्टी असते. तिचं काम बोट मागे उलटू न देण्याचं. तिला तळपट्टी म्हणू. वरून, नखाच्या बाजूने, बोट सरळ करणारी दोरी जाते. खालून वाकवणाऱ्या दोन दोऱ्या. या दोऱ्या म्हणजे टेंडन.

गंमत अशी की बोट वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखाली असतात. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग चाचपा, हलताना कळेल. स्कूटरचा ब्रेक जसा हँडलला दाबतो, पण लागतो चाकाला, आणि मधे नळीतून वायर धावते, तसाच हा प्रकार. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हे सगळं कुठे कोंबलंय? सदाशिव पेठेतल्या जुन्या बोळात. मांडीत किंवा पोटरीत मार लागला तर सूज पसरायला ऐसपैस मैदान असतं. बोटात हाड, दोऱ्या, पट्टे आणि लगेच कातडी. बोळात एक हातगाडी आडवी झाली की कुणालाच पुढे जाता येत नाही, तसं थोडंसं पाणी साठलं तरी सांधा अडतो.

"लचक म्हणजे लचकच ना?"

नाही. लिगामेंट नुसतं ताणलेलं असू शकतं, अर्धं फाटलेलं किंवा पूर्ण तुटलेलं असू शकतं. ताणलेलं असेल तर बोट दुखतं, पण घट्ट असतं. तुटलेलं असेल तर तपासताना बोट बाजूला लचपचतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणता पट्टा किंवा कोणती दोरी गेली हे कळणं, कारण उपचार त्यावर उलटेपालटे होतात.

बोट मागे उलटलं तर तळपट्टी दुखावते. कधी ती हाडाचा तांदळाएवढा कण घेऊन सुटते. असा कण एक्स-रेत दिसला की घरचे घाबरतात, पण सांधा जागेवर असेल तर हे बहुतेकदा बोट फार काळ न बांधता, लवकर हलवून बरं होतं. उलट, ज्यात एक्स-रे अगदी स्वच्छ येतो अशा काही दुखापती खरोखर घाईच्या असतात.

नखाजवळचं पेर खाली लोंबकळतंय आणि स्वतःहून वर येत नाही? वरची दोरी टोकाशी सुटली आहे. यावर साधी प्लास्टिकची पट्टी लावून टोक सहा ते आठ आठवडे अखंड सरळ ठेवतात. अखंड म्हणजे अखंड. आंघोळीत पट्टी काढताना टोक एकदा खाली पडलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. याच्या उलट, टोक स्वतःहून वाकतच नसेल तर खालची दोरी सुटलेली असू शकते. कुणाचा टी-शर्ट पकडताना ती हिसका बसून सुटते, कबड्डीत, पकडापकडीत. याला ऑपरेशन लागतं आणि तेही पहिल्या आठवडा-दहा दिवसांत झालेलं बरं, कारण सुटलेली दोरी मागे तळहातात आखडत जाते. तिसरी दुखापत मधल्या सांध्यावरच्या दोरीची. ही सगळ्यात लबाड. सुरुवातीला बोट जवळजवळ सरळ होतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही. दोन-तीन आठवड्यांत मधला सांधा वाकडा आणि टोक वर उचललेलं, असा विचित्र आकार येतो. इथे मधला सांधा सुमारे सहा आठवडे सरळ बांधून ठेवायचा, पण टोक मात्र मोकळं ठेवून वाकवत राहायचं.

घरी बघण्यासारखी एक खूण: हळूच मूठ वळा. सगळी बोटं अंगठ्याच्या मुळाच्या दिशेने झुकली पाहिजेत. एखादं बोट शेजारच्यावर कात्रीसारखं चढत असेल तर ते पिळलं गेलंय, त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. एक्स-रे काढताना दुखऱ्या बोटाचा एकट्याचा, अगदी कडेच्या बाजूने काढलेला फोटो मागा. पंजाच्या समोरून काढलेल्या फोटोत किंचित निसटलेला सांधा सहज लपतो. बोट लाल, गरम, ठसठसणारं असेल आणि ताप असेल, किंवा जखम सांध्यापर्यंत गेली असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

सहा महिने सूज? काहीतरी मोठं बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. लिगामेंटला रक्तपुरवठा कमी, म्हणून त्याची डागडुजी संथ. पहिले काही दिवस सूज आणि दाह, मग काही आठवडे नवे धागे कसेबसे विणले जातात, आणि मग ते धागे ताणाच्या दिशेने नीट लावण्याचं काम जवळजवळ वर्षभर चालतं. मधल्या सांध्याची सूज सहा महिने ते वर्ष टिकणं हे नेहमीचं आहे. वर्षाने जी जाडी उरते ती पाण्याची नसून भरून आलेल्या पट्ट्यांची असते, आणि ती कायमची राहू शकते. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी दर आठवड्याला नवा डॉक्टर शोधला नसता.

सूज एकाच सांध्याला आहे आणि दुखापत आठवते, तर हे लागू. सकाळी अर्धा-पाऊण तास दोन्ही हातांची बरीच बोटं आखडलेली असतील, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्याच्या तपासण्या वेगळ्या. त्याचं खापर क्रिकेटवर फोडू नका. बोटं मोडण्यावरही नको. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पन्नासहून जास्त वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दोन्ही हातांत फरक सापडला नाही, आणि 2009 मध्ये त्याला इग नोबेल हे गमतीशीर पारितोषिक मिळालं. एका माणसाचा प्रयोग आहे, पण आजीच्या धाकाला उत्तर म्हणून पुरतो.

हलवायचं की नाही?

सगळा घोळ इथे आहे, आणि माझाही इथेच झाला.

सुजलेला सांधा आपोआप थोडा वाकून बसतो, कारण त्या स्थितीत आत पाण्याला सगळ्यात जास्त जागा मिळते. त्याच स्थितीत तो आठवडेच्या आठवडे राहिला तर तळपट्टी आटते. नवी खादी पहिल्या धुण्याला आटते तशीच. मग सांधा सरळ करायला गेलं की कापड पुरत नाही. म्हणून मधला सांधा बांधायचाच असेल तर शक्यतो सरळ बांधतात, आणि मुळाचा सांधा बांधावा लागला तर तो उलट वाकवून बांधतात. माझी पट्टी नेमकी चुकीच्या कोनात होती, आणि ती मी चुकीच्या मुदतीपर्यंत ठेवली.

घट्ट सांध्याच्या साध्या लचकेत हल्लीची पद्धत अशी: दोन-चार दिवस बर्फ, हात उंच, मग शेजारच्या बोटाशी जोडी बांधून हलवायला सुरुवात. दोन बोटांच्या मधे कापूस किंवा गॉज, चिकटपट्टी सांध्यांच्या वर-खाली, सांधे मोकळे. शेजारचं बोट वाकलं की हे त्याच्याबरोबर वाकतं आणि बाजूला लचकत नाही. साधारण तीन ते सहा आठवडे. ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की नदीपात्रात अशी जोडबोटं बरीच दिसतात. त्यांतली निम्मी तरी डॉक्टरने न बघता बांधलेली असावीत, असा मला संशय आहे.

आणि बोट एव्हाना आखडलेलंच असेल तर? आधी एक प्रश्न सोडवा: वायर अडकली आहे की बिजागरी? स्वतःच्या ताकदीने बोट जेवढं वाकतं तेवढं वाकवा. मग दुसऱ्या हाताने हळूच आणखी वाकवून बघा. दुसऱ्या हाताने ते पूर्ण जात असेल पण स्वतःहून जात नसेल, तर बिजागरी ठीक आहे, वायर नळीत चिकटली आहे किंवा तुटली आहे. दोन्ही प्रकारे एकाच जागी अडत असेल तर बिजागरी, म्हणजे सांधा आखडला आहे. ही परीक्षा माझ्या फिजिओथेरपिस्टने पहिल्या पाच मिनिटांत केली. तोवर दोन दवाखाने, दोन एक्स-रे आणि चार मलमं झाली होती.

बिजागरी अडली असेल तर उपाय कंटाळवाणा आणि खात्रीचा आहे. आधी शेक. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात वितळलेल्या मेणात हात बुडवतात, घरी कोमट पाण्याचं पातेलं चालतं. मधुमेहामुळे बोटं बधिर असतील तर पाणी दुसऱ्याने तपासावं. मग मुळाचं पेर दुसऱ्या हाताने धरून फक्त मधला सांधा वाकवायचा आणि सरळ करायचा. मग हुक मूठ: मुळाचे सांधे सरळ ठेवून पुढचे दोन्ही वाकवायचे, पिशवी धरल्यासारखे. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. एकदाच तासभर झटापट करण्यात अर्थ नाही. आणि ज्यांचं बोट सरळ होत नाही त्यांना एक स्प्रिंगची किंवा टप्प्याटप्प्याने बदलायची पट्टी देतात. ती हलका ताण देते, पण तासन् तास. पुरणपोळीची कणीक आठवा. हिसका दिला तर ती आखडते किंवा फाटते, सावकाश ओढत गेलं की पसरते. लिगामेंट तसंच.

दुखलं म्हणजे चुकतंय का? व्यायामानंतर थोडं ठणकणं आणि अर्ध्या तासात निवणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट कालच्यापेक्षा जाड दिसलं तर प्रमाण निम्मं करा.

मोजमाप ठेवा, नाहीतर वेड लागेल, कारण रोज बघितलं तर काहीच बदलत नाही. मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला आणि दर रविवारी आकडा कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला लिहीत गेलो. मार्चमध्ये बोट सरळ व्हायला 35 अंश कमी पडत होते. मेमध्ये 25. जूनमध्ये पुन्हा 25, पुढच्या रविवारी 28, तेव्हा मी कोनमापकच खोटा ठरवला. ऑगस्टअखेर 15. मोदकाच्या कळ्या पाडायला मात्र ते पुरेसं नव्हतं. आईने माझ्या पहिल्या मोदकाकडे बघितलं आणि नारळ खवायला बसवलं.

"हाडवैद्याकडे एकदा ओढून घे ना!"

हा सल्ला मला सख्ख्या काकांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी दिला. आंबेहळदीचा लेप लावायचा तर खुशाल लावा, कातडीला खाज सुटली नाही म्हणजे झालं. उब आणि हलका दाब बरा वाटतो. पण ओढू देऊ नका. निसटलेला सांधा बसवतानाही आधी एक्स-रे हवा, कारण तुटलेलं हाड ओढलं तर तुकडे आणखी सरकतात. आणि न निसटलेला, नुसता आखडलेला सांधा ओढून 'मोकळा' केला तर आटलेला पट्टा फाटतो, नव्याने सुजतो आणि भरून येताना आधीपेक्षा जास्त आटतो. ओढल्यावर दोन दिवस बोट सैल वाटतं, ही खरी गोम. तिसऱ्या आठवड्यात काय झालं ते सांगायला कुणी त्या वैद्याकडे परत जात नाही.

इंजेक्शन घ्यावं का?

महिनोन् महिने सांधा गरम आणि पाणी धरलेला राहिला तर स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दाह उतरवू शकतं. म्हणजे व्यायामाला दार उघडतं. व्यायाम करायचाच नसेल तर ते दार काही आठवड्यांत मिटतं. तुटलेल्या, लचपचणाऱ्या पट्ट्यावर त्याचा उपयोग नाही, पुन्हा पुन्हा घेतलं तर सांध्याचं नुकसान होतं. टोचल्या जागी कातडी फिकी पडू शकते आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते.

पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट भरपूर असलेला भाग टोचणं. जाहिराती खूप, खर्च हजारांत, आणि बोटाच्या लहान सांध्यांसाठी पुरावा तुटपुंजा. माझे पैसे मी तिथे घातले नाहीत.

ऑपरेशनने प्रश्न कायमचा सुटतो ना?

कुठला प्रश्न, यावर आहे. आखडलेला सांधा मोकळा करण्याचं ऑपरेशन होतं, पण ते सहसा काही महिने नेमाने पट्टी आणि व्यायाम करूनही गाडी अडली तरच. टेबलावर भूल दिलेली असताना बोट छान सरळ होतं, त्यातलं काही पुढच्या आठवड्यांत परत जातं, आणि जे उरतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून केलेल्या व्यायामावर. म्हणजे ज्याने व्यायाम टाळायला ऑपरेशन निवडलं त्याने चुकीच्या दारावर टकटक केली. आरोग्य विमा बहुतेकदा ऑपरेशनला पैसे देतो आणि बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या फिजिओथेरपीला देत नाही, त्यामुळे लोक उलट क्रमाने जातात. पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून अस्थिरोग आणि फिजिओथेरपी असं दोन्ही मिळू शकतं. रांगेची तयारी ठेवा.

सांध्याचं अस्तरच झिजलं असेल आणि रात्रीची झोप जात असेल, तर दोन मोठे पर्याय उरतात. सांधा सोयीच्या कोनात कायमचा जोडून टाकणं: दुखणं थांबतं, वाकणंही थांबतं. किंवा सिलिकॉनचा कृत्रिम सांधा: दुखणं चांगलं कमी होतं, वाकणं बेताचं राहतं, आणि जड कामाच्या हाताला तो फार झेपत नाही. तर्जनीला चिमटीत जोर लागतो, म्हणून तिथे जोडण्याकडे कल असतो. अनामिका-करंगळीला मुठीत वाकावं लागतं, म्हणून तिथे कृत्रिम सांध्याचा विचार होतो. शिंपी, तबलजी आणि हमाल यांना एकच उत्तर देणारा सर्जन भेटला तर दुसरं मत घ्या.

"डाव्या हाताचं एकच तर बोट आहे"

उजवा हात उताणा टेबलावर ठेवा. डाव्या हाताने तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी टेबलाला सपाट दाबून धरा. आता अनामिका वाकवा. मधला सांधा वाकेल, पण नखाचं पेर लुळं पडेल, हलवता येणार नाही. कारण टोक वाकवणारी खोल दोरी मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांना बऱ्याच अंशी एकाच स्नायूतून येते. एका जुवाला जुंपलेले बैल. एक अडला की शेजारच्यांचीही ओढ कमी पडते. माझ्या एका बोटाने ओला टॉवेल पिळण्यापासून कुकरचं झाकण फिरवण्यापर्यंत अख्खी मूठ ढिली केली ती अशी.

राहता राहिली अंगठी. ती दुखापतीच्या दिवशीच काढायची असते, सूज चढायच्या आत. माझी निघाली, साबण लावून आणि शिव्या देऊन. आता ती सांध्यावरून जात नाही. लक्ष्मी रोडवरच्या सोनाराने दोन मापं वाढवून देतो म्हणून सांगितलं, पण वर्ष भरायच्या आत सांध्याचं शेवटचं माप ठरत नाही. तेव्हा अंगठी कपाटात आहे, 26 जानेवारीपर्यंत तिथेच राहील. या रविवारचा आकडा 12.